बॅलन्सचं बटन

पोरानं पुण्याहून यादी पाठवली:
इतके वॅट, इतके इंच, अमुक कंपनी, तमुक नको.
यादीत माझा डावा कान नव्हता.
एकतीस वर्षं डाळमिलच्या चाळणीशेजारी उभा राहिलेला कान,
त्यात मिल अजून चालूच आहे,
रविवारचीसुद्धा सुट्टी नाही.

गंजगोलाईत खाजामियांचं दुकान.
काचेमागं काळे डबे ओळीनं,
वरच्या फळीवर जुने, कुणी कुणी मोडीत देऊन गेलेले.
मी चमकत्या जाळीवर बोट ठेवलं.
"मामा, बघायलाव का ऐकायलाव?
उद्या या. येताना घरचा एखादा आवाज आणा,
झोपेतही वळखाल असा.
गाणं नको. गाणं कुठलाही डबा गोड करतो."

रात्री प्रयाग भाकऱ्या थापत होती.
मोबाईल परातीजवळ धरला.
"हे काय नवीनच खूळ," ती म्हणाली.
तेही त्यात आलं.

दुसऱ्या दिवशी तीही आली, पदर सावरत, दाराशीच टेकली.
पहिल्या डब्यात भाकरीचा ढोल झाला.
खाजामियां म्हणाले, हा मांडवाला बरा.
दुसऱ्यात प्रयागनं कानावर हात ठेवले,
"माझीच काकणं मला टोचायलीत."
कोणती काकणं?
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
तिसऱ्यात भाकरी भाकरीसारखी होती.
तव्यावर टाकायच्या आधी ती जरा थांबते,
ते थांबणंसुद्धा.

मी मान इकडून तिकडं वळवत होतो.
खाजामियांनी पाहिलं, विचारलं नाही.
स्टुलावर चढून वरचा जुना अँप्लिफायर काढला,
त्यावर फुंकर मारली.
"ह्याला बॅलन्सचं बटन आहे. नव्यात कुणी देत नाही.
त्यांना वाटतं, सगळ्यांचे दोन्ही कान सारखे."
बटन डावीकडं फिरवलं. आणखी थोडं.
आणि मिलच्या घरघरीतून वाट काढत
काकणं आली,
चार काचेची,
एक जरा बोदं वाजणारं.

घरी पत्र्याखाली, शहाबादी फरशीवर
आवाज मोकाट वासरासारखा उधळायचा.
मागच्या भिंतीला वाकळ टांगली,
खुर्ची दीड हात पुढं ओढली, तेव्हा कुठं दाव्याला आला.
पोराचा फोन: "शेवटी वॅट किती घेतले?"
म्हणालो, एक वाकळ, दीड हात.
तो म्हणाला, "बाबा, आवाज तुटायलाय तुमचा."

बटन डावीकडं असलं की प्रयागला
गाणं कलल्यासारखं वाटतं,
गाडीचं एक चाक चारीत गेल्यावाणी.
सांगत नाही तोंडानं.
मी दुपारी आडवा झालो की
ती बटन हळूच मधोमध आणते,
तिचं ती ऐकून घेते.
उठल्यावर मी परत फिरवतो.

बाकी सगळ्या डब्यावर धूळ बसते.
तेवढ्या बटनावर नाही.