लॅमिनेशन

कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात
मी लोकांचे दाखले प्लॅस्टिकमध्ये बंद करते,
जातीचे, उत्पन्नाचे, शाळा सोडल्याचे.
शटर अर्धं ओढल्यावर, मशीन गरम असेतो,
मालकांना विचारून
एकशे चौदा चित्रं केली रुजूसाठी.
पेला. चप्पल. आंघोळ. रिक्षा. संडास. पुरे.
कोपरे गोल कापले, टोचू नयेत म्हणून.
पाठीला वेल्क्रो.

गंगापूर रोडच्या मॅडम म्हणाल्या होत्या,
ही मुलं चित्रांतून विचार करतात.
ही मुलं.
मी मान हलवली. तीन महिन्यांची फी भरून झाली होती.

रुजूने पेला चावला.
रिक्षा कानाशी नेली.
आंघोळ भिंतीवरून ओढून काढली, चर्रर्र,
परत लावली, परत चर्रर्र,
आणि मान मागे टाकून हसली.
वहीत मी लिहिलं : प्रतिसाद नाही.
आठ महिने लिहिलं,
तारीखवार, चांगल्या अक्षरात.

मग एका शनिवारी भांडी बाजारात,
मावसभावाकडे, कुकरचं झाकण बदलायला.
मुकुंददादा आत तांब्याचा हंडा मठारत होता.
घरी शिट्टी झाली तरी कान दाबणारी ही पोर
माझा हात सोडवून त्या आवाजात शिरली,
ऐरणीच्या ओंडक्याला तळवा लावून बसली.
सात ठोके, हंडा जरा फिरवायचा.
सात ठोके, हंडा जरा फिरवायचा.
पाचव्यांदा की सहाव्यांदा, दादाच्या आधी
हिनेच फिरवला.
बरोबर तेवढाच.

'हिला मोजता येतं की,' दादा म्हणाला.
मी म्हटलं, आकडे ओळखत नाही, सातचं चित्र दाखवलं तर
खिडकीबाहेर बघते.
'आकडा बघायला कशाला लागतो?'
एवढं बोलून त्याने पुढचा ठोका घातला.

झाकण तिथेच विसरून आले.

आता दाराशी एक दोरी आहे.
तिच्यावर टॉवेलचा तुकडा म्हणजे आंघोळ,
रेक्झिनची पट्टी म्हणजे रिक्षा
(रिक्षावाल्या भामरेंनी फाटक्या सीटची कापून दिली),
लाकडी उलथनं म्हणजे जेवण,
आणि दप्तराची मोडकी चेन म्हणजे शाळा.
सकाळी ती दोरीवरून हात फिरवते,
बघते मात्र पंख्याकडे.
पाठीवर दोन सावकाश थापा म्हणजे थांब.
तीन भरभर म्हणजे निघू या.

सुरळीत वगैरे काही नाही.
एकदा तो तुकडा मी नव्या साबणाने धुतला,
वास गेला, वासाबरोबर आंघोळ गेली,
चार दिवस मोरीच्या उंबऱ्यावर रडारड.
सासूबाई म्हणाल्या, घराचं भंगाराचं दुकान केलंस.
केलं खरं.

चित्रं खडकाळीच्या नसरीनला दिली, तिच्या रेहानसाठी.
तिसऱ्याच आठवड्यात त्याने पेल्याचं कार्ड
आपणहून तिच्या हातात ठेवलं.
फोनवर तिला बोलवेना.
मीही रडले, आनंदाने,
आणि खोटं कशाला सांगू, थोडं जळूनही.
एकशे चौदा माझीच होती. कोपरे मी कापलेले.

वही अजून आहे. मागच्या पानांवर
आता ठोके लिहिते, टिंबं आणि रेघा,
पोस्टातल्या जुन्या तारेसारख्या.

काल होळकर पुलावरून चालत येताना
रुजूने माझ्या मनगटावर बोट वाजवलं.
तीन, थांबून एक.
हे आमच्यात ठरलेलं नाही.
मी पाणी दिलं, नको.
पाठीवर थाप दिली, अंग काढून घेतलं.
तीन, थांबून एक.
मागचे हॉर्न वाजवत होते, कुणी काय झालं म्हणून वाकून बघत होतं.
मी कठड्याला टेकले, पिशवी खाली ठेवली,
डोळे मिटले
आणि मनगट पुन्हा पुढे केलं.