हजर

धारूरहून आणलेला प्रोजेक्टर दोनदा बंद पडला.
तिसऱ्यांदा वर्गाच्या भिंतीवर डोंगर उगवला,
आमच्या बालाघाटासारखाच बोडका,
फक्त माथा पांढरा.
"गुर्जी, मिठाचा हाय का?"

इराणातलं पोरगं. कान लाल, स्वेटर थोरल्या भावाचा.
खालची इंग्रजी अक्षरं वाचेपर्यंत पळून जायची,
तरी पोरं हसत होती बरोबर जागी.
मग कुणीतरी ओरडलं, "दोस्त म्हणला! गुर्जी, दोस्त म्हणला!"
आणि सगळी शब्द वेचत बसली,
भुईमूग काढलेल्या रानात शेंगा वेचाव्यात तसे:
कागद. बाजार. दरवाजा. जवाब.

पडद्यावरच्या मास्तरांनी हजेरी घेतली.
एक नाव. कुणी बोलेना.
लाल कानाच्या पोरानं मान खाली घातली
आणि भलत्याच आवाजात म्हणालं,
हाझेर.

पुढचा सिनेमा मी पाहिलेला नाही.

आश्रुबा सानप. इयत्ता चौथी, सन सत्त्याऐंशी.
दसरा झाला की त्यांची गाडी कारखान्याकडं निघायची.
जाताना गोट्या दिल्या नाहीत, भोवरा दिला नाही,
एवढंच म्हणाला, "माझं नाव तेवढं राहू दी."
त्याला बारमाही सर्दी. मी नाकात बोलायला शिकलो.
एकोणतीस दिवस मी दोघं होतो.
तांबोळी गुरुजी चष्म्यावरून बघायचे
आणि रेघ ओढायचे.
त्यांना सगळं ठाऊक होतं, हे मला
स्वतः गुरुजी झाल्यावर कळलं.

तिसाव्या दिवशी मला गोवर निघाला.
मी परत आलो तोवर शाळेत नवे मास्तर,
नवं हजेरीपुस्तक.

आखितीला आश्रुबा आला, वीतभर उंच होऊन,
अंगठ्यावर कोयत्याची खूण.
"राहिलं का रं नाव?"
"व्हय," म्हणालो.
तो काही बघायला आला नाही.

आज सकाळी: कोयल गर्जे.
ती परवाच गेली, ट्रॉलीत, शेळीसकट.
खिडकीकडून हजर. दाराकडून हजर.
मागून तिसरी, जरा उशिरा, हजर.
तिघी एकमेकींकडं रागानं बघतात.
"एकीनंच म्हणायचं," मी म्हणतो,
"आणि रोजचा अभ्यास तिच्या वहीत
तिनंच उतरवून ठेवायचा. पाडव्यापर्यंत."

वर्ग चिडीचूप.
बाहेर बोअरचा हापसा वाजतो, थांबतो.
मग शेंबडी शिवकन्या
बाहीला नाक पुसून उभी राहते.