डोकं ठिकाणावर

ऑरिन थिबोडोची स्टेशन वॅगन भंगारात जायची होती,
त्याच्या आदल्या दिवशी मी ती उघडली.
मचायस गावाबाहेरची शेड, मेन राज्य, जानेवारी.
इथे पाना बोटावर निसटला तर
बोटाला ते तासाभराने कळतं.

सतरा फूट केबल.
पुढे, स्टिअरिंगपाशी, रेडिओचं तोंड:
बटणं, आवाजाची चकती, हिरवी पट्टी.
मागे, सामानाच्या फळीवर, त्याचं धड.
बारा वर्षांपूर्वी मीच बसवला होता असा,
राहू डॅशवर, केतू डिकीत,
आणि गालिच्याखालून दोघांत एकच शीर.

ती ओढली तेव्हा तिच्याबरोबर बाहेर आलं
एक नाणं, एक हेअरपिन,
दगड झालेली बटाट्याची फोड,
आणि कुठल्याशा ऑक्टोबरचं
भरती-ओहोटीचं वेळापत्रक, चार घड्यांचं.

लॉर्ना बाजूला उभी, बॅटरी धरून.
ऑरिनची धाकटी.
मागच्या आठवड्यात गावच्या अग्निशमन दलात नाव घातलंय,
बापाचं हेल्मेट कानांवर येतं, तरी तेच घालते.
तिच्या पिकअपला डिकी नाही,
मागे नुसता उघडा हौदा, हौद्यात वीतभर बर्फ.
"मग धड कुठे ठेवायचं, व्ही?"
(वैजयंती म्हणायला ऑरिनला कधी जमलं नाही,
मग साऱ्या गावालाच जमलं नाही.)
"तोंडाच्या मागे. जिथे सगळ्यांचं असतं."

धडाच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत
पिवळट केस गच्च बसलेले.
"चावडरचे," ती म्हणाली. "इथेच झोपायचा तो, अंग टेकून.
बाबा किती ओरडायचे."
मी ब्रश उचलला.
तिने तो माझ्या हातून घेतला
आणि एकेक पातं स्वतः साफ केलं.
फार वेळ लावला. मी घाई केली नाही.

तसं काम सोपं आहे.
तोंडाच्या पाठीवरचं केबलचं कार्ड काढायचं,
त्या जागी बोटभर रिबन लावायची,
रबरी कडं खाचेत नीट बसवायचं, कुठे चिमटू न देता,
मग दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं, टक् होईपर्यंत.
टक् झालं.
लाल वायर बॅटरीला, मध्ये फ्यूज, काळी बॉडीला.
डॅशला चार भोकं पाडताना लॉर्नाने डोळे मिटले,
हप्ते अजून चालू आहेत म्हणाली.
बटण दाबलं.
पट्टी काळीच.

मिरजेला आई दिवसातून दहादा विचारायची,
कार्टे, डोकं ठिकाणावर आहे का?
आता हे बघ, आई, ठिकाणावर आहे,
चार स्क्रूंनी आवळलेलं आहे,
आणि तरी उजेड नाही.

रिबन उलटी घातली होती मी.
तीस वर्षांच्या धंद्यानंतर, उलटी.
परत सगळं खोललं, बोटांवर फुंकर मारली,
सुलटी केली.
हिरवा उजेड तिच्या हनुवटीवर पडला.

एक: दल. दोन: रुग्णवाहिका. तीन: रस्ते.
आणि सोळा: सपर.
ते ऑरिनने हट्टाने लिहून घेतलं होतं.
घरच्या सेटवरून विनी रोज एवढंच सांगायची:
वाढलंय.
लॉर्नाने चकती सोळावर नेली.
खरखर.
"पुसून टाकू का?" मी विचारलं.
ती म्हणाली, "ते भरती-ओहोटीचं कुठे ठेवलंस?"
मी पुसलं नाही.

मग एक नंबर, माइक तोंडाशी.
"बेस, चाचणी."
"कोण बोलतंय?"
"थिबोडो."
पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली.
"बोल, थिबोडो. स्पष्ट येतंय."

ती बोलत राहिली, गरजेपेक्षा जरा जास्तच:
बर्फ, रस्ता, पुलाजवळचा खड्डा.
मी हत्यारं पुसून पेटीत भरत होते.
"व्ही, गुडघ्याला गरम लागतंय."
"लागणार. बोललं की धड तापतं.
आजवर ते फक्त कुत्र्याला माहीत होतं."