वीतभर नमुना

अंबडच्या शोरूममधून वीतभर नमुना आला,
कॉफीच्या रंगाचा,
कधी न कुजणारा, वाळवीला न कळणारा.
शर्वरीताईंनी तो टेबलावर आपटला,
दोन्ही हातांनी वाकवून पाहिला.
मीही पाहिला. मी इंजिनियर.
"बघा पुंजाबा, दगड आहे."

पुंजाबा गांगुर्डे काही बोलले नाहीत.
वीतभर असलं की सगळंच ताठ असतं.

गिरणाऱ्याच्या पुढे, धरणाच्या फुगवट्यावर
बारा वर्षांपूर्वी त्यांनीच बांधला होता हा डेक
हरसूलकडच्या सागाचा.
वाशांमध्ये दीड फूट अंतर, सागाला तेवढं चालतं.
फळ्या तिरप्या,
दर वाशावर दोन स्क्रू.
नुसत्या अंथरल्या नव्हत्या,
वाशांचे हात एकमेकांत दिले होते.
द्राक्षांच्या हंगामात ऐंशी माणसं यायची,
ग्लास हातात, एकाच वेळी हसणारी,
आणि डेक हूं की चूं करायचा नाही.

साग उतरवला.
वासे तेच, अंतर तेच.
नवी फळी सरळ, क्लिपांवर सरकवायची,
वरून एक स्क्रू दिसत नाही.
"किती स्वच्छ!" ताई म्हणाल्या.
होतंच स्वच्छ.

एप्रिलात, दुपारी दोनला
फळी तापली
आणि दोन वाशांच्या मध्ये जरा बसली.
झोळीसारखी नाही,
बशीसारखी.
पाय भाजत असताना पुंजाबा चपला काढून
मधोमध उभे राहिले,
टाचा उचलल्या, सोडल्या.
कठड्यावरच्या ग्लासातलं पाणी
बराच वेळ थरथरत होतं.
मग नातीला म्हणाले, पायल, पळ.
ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली, थबकली.
सांगाडा थबकला नाही,
तिच्यामागे एकदा झुलला.

माझ्याकडे वळून पाहिलंही नाही त्यांनी.
तेच जास्त लागलं.

उद्घाटनाला तीन दिवस होते.
शेडमागे रचलेला जुना साग त्यांनी मोजला,
आणि डेकखालच्या सापळ्यात
पाठीवर झोपून, डोळ्यांत भुसा घेत
दर दोन वाशांमध्ये एक नवा वासा घातला,
मग खालून तिरप्या पट्ट्या.
मी बॅटरी धरली. दुसरं काय करणार?

"खाली काय चाललंय?" वरून ताई.
"काही नाही. जुनं जरा खाली ठेवतोय."

बिलात ती ओळ नाही.
पायल मात्र अजून
मधोमध आली की
एक उडी मारून बघते.