पाय

आम्ही वडिलांना पाय म्हणायचो.
शिरोड्याच्या शाळेत बाईंनी माझा निबंध मोठ्यानं वाचला:
‘माझे पाय पहाटे चारला घरी आले’,
आणि अख्खा वर्ग बाकांवर लोळला.
मी घरी येऊन रडले. तो हसला नाही.
विळीवर बांगडे साफ करता करता म्हणाला,
‘खोटा काय लिवलंस? पायच मगे माझे नोकरी करतत.’

सांतान कुतिन्हो. वायरमन.
मोचेमाडच्या खाडीपासून आरवलीच्या वेशीपर्यंत
तीनशे अकरा खांब.
माणसं त्याला खांबांवरून आठवत.
रात्रीच्या तेर्साला माय संतांची नावं घेई
आणि हा मध्येच घुसडे:
बावन्न नंबरच्या म्हातारीला झोप दे,
एकशे सातवर तार सैल आहे, उद्यापर्यंत सांभाळ,
दोनशे तीसच्या हसनमियाँचा मुलगा
मस्कतहून दोन ओळी तरी लिहू दे.
माय डोळे वटारी.
देव बहुतेक वही काढून उतरवून घेत असावा.

तेर्स कधी एका दमात संपला नाही.
वारा सुटला, झावळ तारेवर पडली,
की काळोखातून हाक:
‘रे सांतान, लाईट गेली मा!’
जसं काही आम्हाला दिसत होतं.
थांबलेल्या मण्याला सुतळी बांधून
तो जपमाळ खिळ्याला अडकवी,
शिडी खांद्यावर घेऊन निघे.
आम्ही तिघं भावंडं चटईवर पेंगत.
मध्यरात्री केव्हातरी गुडघे टेकल्याचा आवाज होई.
ओल्या खाकी पँटीत, सुतळी सोडून,
पुढचा मणी म्हणत असे तो, एकटाच,
आम्हाला न उठवता.

आमच्या घराची जोडणी सगळ्यांत शेवटी.
हे चांगलं होतं असं मी म्हणणार नाही.
दहावीची भूमिती मी चिमणीखाली केली
आणि शेजारी कोंडुरकरांकडे टीव्ही चालू होता.
माझ्या पहिल्या कम्युनियनलाही तो नव्हता,
तळ्याच्या वळणावर खांब कोसळला होता.
पांढऱ्या फ्रॉकात मी इगर्जीच्या पायरीवर बसून राहिले.
तो आला तेव्हा केक संपला होता.
माझ्या मुठीत त्यानं तांब्याच्या तारेची
पीळ घातलेली अंगठी ठेवली.
बोट हिरवं पडे. मी ती काढली नाही.

लाच म्हणून आयुष्यात एक फणस घेतला.
कापा म्हणून घेतला, निघाला बरका.
‘देवान बघितल्यान,’ म्हणाला, आणि वाडीभर वाटला.

पवित्र गुरुवारी पाद्री बारा जणांचे पाय धुतात.
यादीत त्याचं नाव दरवर्षी,
आणि दरवर्षी बारावी खुर्ची रिकामी.
एका वर्षी नवे पाद्री रागावले,
मेणबत्तीच्या उजेडात काहीतरी बोलू लागले.
तेवढ्यात इगर्जीतले दिवे आले.

या मार्चमध्ये, त्याला न्हाऊ घालताना,
पाय मी धुतले.
तळव्यांना आडवे वळ, शिडीच्या पायऱ्यांचे,
डाव्या अंगठ्याला नख नाही,
पोटरीवर भाजल्याचा जुना काळा डाग,
ज्याबद्दल घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.
मायनं पाणी गरम करून आणलं होतं.
का, कुणी विचारलं नाही.

सातव्या दिवसाच्या मीसानंतर, रात्री, वारा सुटला.
काळोख. तिसऱ्या रहस्याचे सहा मणी झाले होते,
सुतळी अजून तिथेच, सातव्यावर.
कुंपणाबाहेरून कुणीतरी, सवयीनं:
‘सांतान आसा?’
ओरडणाऱ्याला लगेच आठवलं असावं. तो गप्प झाला.
माय उठली नाही. नुसता आवाज चढवला:
‘ना रे. वयर चडलोहा.’

बऱ्याच वेळानं माडांमधून
कोंडुरकरांचा दिवा दिसला,
मग खाडीपलीकडचे दोन.
आम्ही सातव्या मण्यावर थांबून आहोत.
आमचा शेवटी येईल.