तौनोचा हातमोजा

केमीच्या बंदरातून खोकं आलं फेब्रुवारीत.
आत सर्किट बोर्ड, पाकिटात चार स्क्रू,
आणि एक लोकरी हातमोजा, उजवा.
चिठ्ठी दोन ओळींची:
हा काढून मी केबल लावतो, की यंत्र बसतं.
मरत नाही. झोपतं. – तौनो, गेट तीन.

औलूत त्या दिवशी उणे सत्तावीस.
हवा इतकी कोरडी की दाराच्या कडीला
हात लावण्याआधी किल्ली पुढे करायची,
ठिणगी तिनं खायची.
इंकेरी हसली नाही. तिनं मोजा हुंगला:
डिझेल, कॉफी, दमट लोकर.
मग बोर्ड उलटा करून दिव्याखाली धरला.

आखणी तिचीच. नऊ वर्षांपूर्वीची.
कोपऱ्यात तिची आद्याक्षरं, तांब्यात.

तेव्हा तिचा सगळा जीव जोड्यांवर होता.
चार जोड्या, आठ रेघा,
चिपपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत अंतर न सोडता चाललेल्या;
एक आखूड पडली तर तिला दोन वळणं जास्तीची,
म्हणजे दोघी एकाच क्षणी दारात.
"रेघा अजूनही सुंदर आहेत," ती म्हणाली,
आणि 'अजूनही'वर जरा थांबली.

खालचा थर तिनं शेवटी भरला होता,
शुक्रवारी, उरल्या जागेत रंग ओतावा तसा.
ग्राउंड म्हणजे काय, तर जे उरतं ते,
असं आम्ही सगळेच समजायचो.
पण जाणारा प्रवाह एकटा जात नसतो.
परतणारा त्याच्या पायाखालूनच चालतो,
भर दुपारच्या सावलीसारखा.
तिथं खाच पडली की तो वळसा घालतो,
आणि त्या वळशाचं रिकामं पोट
रेडिओसारखं बोलू लागतं.

इथं खाच नव्हती. इथं निराळंच.
पोर्टच्या पत्र्यापासून
एक रेघ निघाली होती, केसाएवढी,
ट्रान्सफॉर्मरच्या खालून, जिथं काहीच असू नये,
जिथं सगळे थर कोरून मोकळे ठेवायचे,
आणि चिपच्या पोटाखाली जाऊन
ग्राउंडला मिळत होती.
तौनोच्या बोटातली ठिणगी दरवेळी
घराबाहेरच जायची,
पण झोपलेल्यांच्या अंगावर पाय देत.

"कुणी काढली ही?" मी विचारलं. मूर्खासारखं.
तिनं आद्याक्षरांवर नख ठेवलं.

दुरुस्ती एका दुपारची.
पत्र्यासाठी वेगळं तांबं, रुंद,
पोर्टशेजारच्या स्क्रूला भिडलेलं;
स्क्रू पेटीला, पेटी खांबाला,
खांब बर्फाखाली कुठंतरी खऱ्या जमिनीला,
जी इथं मेपर्यंत कुणी पाहत नाही.
दोन ग्राउंडांमध्ये खंदक,
त्यावर पूल म्हणून एकच कपॅसिटर,
दोन हजार व्होल्ट सोसणारा.
जोड्यांखाली अखंड तांबं,
आणि कडेकडेनं छिद्रांचे टाके,
वरचा थर खालच्याला शिवणारे.

नवा बोर्ड मार्चअखेर आला.
प्रयोगशाळेत ठिणगीची बंदूक आहे,
आठ हजार व्होल्ट, प्रमाणपत्रासकट.
ती झाली. मग इंकेरीनं मोजा घातला,
खुर्चीच्या पाठीवर घासला, केसांवर,
शेवटी माझ्या स्वेटरवर,
दातांनी ओढून काढला,
तौनो काढत असेल तसा,
आणि केबल लावली.
टिक्.
हिरवा दिवा लुकलुकत राहिला.
पुन्हा. एकोणीस वेळा.

दीड महिना त्या माणसाचा उजवा हात खिशात,
हे आमच्या लक्षात आलं ते पार्सल बांधताना.
अंगठ्याजवळ भोक होतं, दातांनी पडलेलं.
जेवणाच्या सुटीत तिनं ते रफू केलं,
चुकीच्या रंगाच्या लोकरीनं, निळ्या,
टाका अगदी टाक्याला लागून,
जिथं ओढ बसते तिथं दाट.

एप्रिलमध्ये उत्तर आलं:
यंत्र जागं आहे.
डावा पाठवू का?