पन्नास हर्ट्झ

भुसावळला मे महिन्यात
माणसाच्या डोक्याला तारा लावणं सोपं नाही.
जेल पातळ होतं, टोपी सरकते,
बत्तिसातले तीन इलेक्ट्रोड घामाचंच सांगत बसतात.
तेजल कापसानं टिपत राहते,
आणि लोटू वाघुळदे, वय अडुसष्ट,
दीपनगरच्या सबस्टेशनचे निवृत्त ऑपरेटर,
आरशात बघून म्हणतात,
"मले तं नवरदेवच केला तुम्ही."

वीस शब्द, तेजलच्या आवाजात, स्पीकरवर.
कंदील. साबण. घुबड. पायरी.
मी शब्द ऐकत नाही.
मी बघते शब्दाच्या आधीचा अर्धा सेकंद,
कारण बहुतेक तिथंच ठरून गेलेलं असतं
काय राहणार आणि काय नाही.
थीटाची लाट चढलेली असली तर दार उघडं,
नसली तर घुबड आल्या पावली परत.
(शोधनिबंधात मी हे असं लिहीत नाही.)

दहा मिनिटांनी विचारते.
कंदील, म्हणतात. पायरी.
मग बराच वेळ नुसता कुलर.
दाराबाहेरून सुपडाबाई: "साबन म्हना नं!"
नियम आहे, बाहेरून कुणी सुचवलं की फेरी बाद.
मी बाद लिहिते,
आणि समासात पेन्सिलीनं:
हिच्या डोक्याला टोपी नाही.

आलेखावर एक रेघ मात्र हलत नाही.
पन्नास हर्ट्झ.
ट्यूबलाइटची, कुलरची, भिंतीतल्या वायरींची.
मेंदूची नव्हे. आमच्या धंद्यात तिला कचरा म्हणतात.
मी गाळणी लावते, रेघ जाते.
"काय पुसलं?"
सांगितलं.
ते हसले नाहीत.
"एकतीस वर्सं तोच आकडा सांभायला मी.
एकोणपन्नास पॉइंट आठले खुर्चीत सरय बसायचो.
पॉइंट पाचले उभा."

अडीचला लाइट गेली.
कुलर घरघरून थांबला, बाहेर कुणीतरी सरकारला शिवी दिली.
लॅपटॉप बॅटरीवर, ॲम्प्लिफायर बॅटरीवर,
आणि पन्नासच्या जागी, गाळणी न लावता,
काहीच नाही.
लोटूभाऊंनी डोळे मिटले.
"उतरू राह्यली," म्हणाले. मला नव्हे.
"यावल सोड. फैजपूर सोड.
सावदा थांब, तठी दवाखाना हाये.
रावेर सोड. निंभोरा. वरणगाव..."
अकरा फीडर, एकही न अडखळता,
कुठल्या तरी रात्रीचे,
उजवं बोट मांडीवर बटणं दाबत,
आणि अकराव्यानंतर एक थांबा,
जसा पलीकडून फोनवर कुणी बोलतंय
आणि ते ऐकून घेताहेत.
"हो साहेब. अंधार झाला पुरा."

डोळे मिटले की अल्फा वाढतेच, मला माहीत आहे.
बोट हललं की रेघा बिघडतात, तेही.
एका माणसावरून काही सिद्ध होत नाही,
हे तर मी दरवर्षी पोरांना शिकवते.
तरी तेजलनं कापूस खाली ठेवला होता
आणि मी थांबवायचं बटण दाबलं नाही.
इतका स्वच्छ आलेख सहा वर्षांत मिळाला नव्हता,
आणि माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नाही.
कोण विचारणार होतं
फैजपूरचा अंधार?

वीज आली. रेघ आली.
लोटूभाऊंनी डोळे उघडले, खुर्चीत सरळ झाले.
"विचारा आता."
विचारलं.
"मांजर," ते ठामपणे म्हणाले.
मांजर यादीत नव्हतं.
मी मांजर लिहून घेतलं.

टोपी निघाली. कपाळावर गोल वळ,
केसांत जेलच्या गाठी.
सुपडाबाई टॉवेल घेऊन आत आल्या,
त्यांची मान धरून पुढं वाकवली, चोळू लागल्या,
आणि माझ्याकडे न बघताच विचारलं,
"हे शाम्पूनं निघन का, बाई?"